पेन स्कॅनर घ्यायचाय? ओळीच्या शेवटी काय हवंय ते आधी ठरवा

पेन स्कॅनर म्हणजे छापील ओळीवरून फिरवलं की ती ओळ टिपणारं पेन. त्याच्या खोक्यावर '११२ भाषा' असा ठसठशीत आकडा असतो आणि बरेच जण तेवढ्यावर पैसे मोजतात. हा आकडा बहुतेक वेळा तोंडी बोललेल्या वाक्याच्या भाषांतराचा असतो. पेनापाशी बोलायचं, मग ते इंटरनेटवरून भाषांतर आणतं. कागदावरची ओळ वाचण्याशी त्याचा संबंध नाही. खरं तर प्रत्येक पेनाच्या तीन वेगळ्या भाषायाद्या असतात: कुठल्या भाषेतली छपाई त्याला ओळखता येते, कुठल्या भाषेत ते अर्थ देतं आणि कुठल्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवतं. शिवाय यातलं काय काय इंटरनेटशिवाय चालतं, ही चौथी गोष्ट. विक्रेत्याला हे चार प्रश्न वेगवेगळे विचारा. 'मराठी चालतं का?' एवढंच विचारलंत तर 'हो' असं उत्तर मिळेल आणि ते खोटंही नसेल. पण घरी आल्यावर पेन इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ देईल आणि मराठी पुस्तकाच्या ओळीवर फिरवलं की भलतीच चिन्हं दाखवेल.

नावाचा घोळही आधी निस्तरायला हवा. एक फूट लांबीची, रुळासारखी, पूर्ण ए-४ पानावरून वरून खाली सरकवायची पट्टी असते, तिलाही दुकानदार 'हँडहेल्ड स्कॅनर' म्हणतात. ती ३०० किंवा ६०० डीपीआयची (म्हणजे इंचाला तेवढ्या ठिपक्यांची) प्रतिमा मेमरी कार्डावर साठवते. अक्षरं ओळखण्याचं काम नंतर संगणकावर करावं लागतं. दुसरं 'स्मार्ट पेन'. ते ठिपक्यांच्या खास कागदावर तुम्ही स्वतः लिहिलेलं टिपतं, छापील मजकूर वाचत नाही. आणि तिसरं म्हणजे इथला विषय, हायलाइटरसारखं धरून छापील ओळीवरून फिरवायचं पेन.

या पेनाच्या टोकाशी दाबलं जाणारं एक छोटं बटण, एक दिवा आणि एक छोटा कॅमेरा असतो. टोक कागदावर दाबलं की दिवा लागतो, पेन सरकत असताना कॅमेरा भराभर छायाचित्रं घेतो, आतलं सॉफ्टवेअर ती एकमेकांना जोडून एक लांबट पट्टी तयार करतं आणि मग त्या पट्टीतली अक्षरं ओळखली जातात. पेनाच्या बहुतेक चुका या रचनेतूनच येतात. कॅमेऱ्यासमोरची खिडकी बुटकी असते, त्यामुळे साधारण ६ ते २२ पॉइंटपर्यंतचा मजकूरच मावतो (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप). मथळे वाचता येत नाहीत. छायाचित्रं जोडताना वेग बदलला, हात थबकला किंवा झटका बसला तर अक्षर दोनदा उमटतं किंवा गळून जातं. हस्ताक्षर वाचता येत नाही. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरचं वाचायची अपेक्षाही ठेवू नका, कारण ही पेनं कागदासाठी केलेली आहेत.

आता ओळ संपल्यावर तुम्हाला काय हवंय? आवाज, अर्थ की मजकूर? निवड या एका प्रश्नावर ठरते.

आवाज हवा असेल, म्हणजे वाचनअक्षम मुलासाठी किंवा वाचताना पटकन थकणाऱ्या माणसासाठी पेन घ्यायचं असेल, तर सगळं काम पेनातच, इंटरनेटशिवाय होणारं यंत्र घ्या. इथे तडजोड करू नका. मूळ स्वीडनचं सी-पेन रीडर हे या जातीचं सर्वांत रुळलेलं पेन. त्याला फोन लागत नाही, वाय-फाय लागत नाही, इअरफोन थेट पेनाला जोडता येतो आणि ओळ संपताच वाचन सुरू होतं. तेवढ्या वेगामुळेच मूल वाक्याचा धागा सोडत नाही. इंटरनेटवरून ओळखणाऱ्या पेनात प्रत्येक ओळीमागे दोन-तीन सेकंद थांबावं लागलं की दहाव्या ओळीला मूल पेन खाली ठेवतं. मात्र हे पेन इंग्रजी आणि इतर काही युरोपीय भाषांचं आहे, देवनागरी त्याला येत नाही. इंग्रजी माध्यमाच्या किंवा सेमी-इंग्रजीतल्या विज्ञान-गणिताच्या पुस्तकांसाठी ते उत्तम. मराठी माध्यमाच्या मुलाला ते घेऊन दिलंत तर फक्त इंग्रजीच्या तासाला बाहेर निघेल.

परीक्षेत वापरायचा विचार असेल तर सावध राहा. ब्रिटनमध्ये शालेय परीक्षांच्या नियमांनुसार ज्या पेनात शब्दकोश नाही आणि मजकूर साठवता येत नाही तेच चालतं, म्हणून त्याच कंपनीचं 'एक्झाम रीडर' नावाचं वेगळं, नारिंगी रंगाचं पेन आहे. रंग मुद्दाम वेगळा, म्हणजे पर्यवेक्षकाला लांबूनही ओळखता यावं. आपल्याकडे अध्ययन अक्षमता ही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. पण जादा वेळ किंवा लेखनिक मंजूर असणं म्हणजे पेनही मंजूर असणं नव्हे. शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे लेखी अर्ज करा, अर्जात यंत्राचं नाव, शब्दकोश आणि साठवण नसल्याचा उल्लेख आणि वाय-फाय-ब्लूटूथ नसल्याची माहिती द्या, आणि परवानगीचा कागद परीक्षेच्या दिवशी सोबत ठेवा. पेनात वाय-फाय असेल तर ते 'बंद ठेवू' हे आश्वासन पुरत नाही. अशा वेळी वाय-फाय नसलेलंच पेन हवं.

अर्थ हवा असेल तर शब्दकोश-पेन. चिनी कंपन्यांची, अडीच-तीन इंची लांबट पडदा असलेली पेनं यात मोडतात. यातली बरीचशी मुळात चिनी विद्यार्थ्यांनी इंग्रजी शिकावं म्हणून केलेली आहेत, त्यामुळे पेनात भरलेला खरा शब्दकोश इंग्रजी-चिनी असतो. मराठी अर्थ येतो तो यंत्रभाषांतरातून. दोन्हींत फरक मोठा आहे. शब्दकोश एका शब्दाचे चार अर्थ आणि वापराची उदाहरणं देतो, यंत्रभाषांतर एकच शब्द पुढे करतं. नदीच्या वर्णनातला 'बँक' हा एकटा शब्द फिरवला तर पेन 'बँक' असंच सांगेल. पूर्ण वाक्य फिरवलं तर 'काठ' मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून अशा पेनाची सवय एका शब्दाची नको, निदान स्वल्पविरामापर्यंतच्या तुकड्याची हवी. जर्मन किंवा फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी ही पेनं खरोखर कामाची आहेत, कारण अर्थासोबत उच्चारही लगेच ऐकू येतो. अशांनी अर्थाची भाषा मराठीऐवजी इंग्रजी ठेवावी, भाषांतर जास्त नेमकं येतं.

मजकूर हवा असेल, म्हणजे उतारे काढून टिपणात घ्यायचे असतील, तर पडदा नसलेलं, ब्लूटूथने फोनला किंवा संगणकाला जोडायचं पेन घ्या. स्कॅनमार्कर एअर आणि बेल्जियमच्या आयरिस कंपनीचं आयरिसपेन एअर ही या गटातली ओळखीची नावं. यांत पेन फक्त ओळ टिपतं, अक्षरं ओळखण्याचं काम सोबतच्या सॉफ्टवेअरचं. म्हणून पेनापेक्षा त्या सॉफ्टवेअरची भाषायादी तपासा. पेन न घेता कंपनीच्या संकेतस्थळावर ती बघता येते.

इथे संगणकजोडणीची एक खोच आहे. काही पेनं 'कीबोर्ड' म्हणून जोडली जातात, म्हणजे कर्सर जिथे असेल तिथे अक्षरं टाइप झाल्यासारखी उमटतात. सोय छान आहे, पण कीबोर्ड हा अक्षरं पाठवत नाही, कोणती कळ दाबली तेवढंच पाठवतो. त्यामुळे देवनागरी मजकूर या मार्गाने नीट जात नाही. आणि उलट गंमत म्हणजे विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट (मराठी टाइप करायची कळरचना) चालू राहिलं असेल तर इंग्रजी ओळीतला 'मिल्क' हा शब्द पडद्यावर 'सगतक' असा उमटतो. पेन बिघडलेलं नसतं, भाषा इंग्रजीवर न्या, प्रश्न संपतो. देवनागरीसाठी कंपनीचं ॲप उघडून तिथे मजकूर घ्यावा आणि मग कॉपी करावा.

प्रकाशनाच्या कामात असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ओळखलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात येतो. पेजमेकर या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीच्या, युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटांवर काम चालत असेल तर तो तसाच चिकटवता येणार नाही, कन्व्हर्टरमधून न्यावा लागेल, आणि कन्व्हर्टर जोडाक्षरांत स्वतःच्या चुका घालेल. म्हणजे प्रूफ दोनदा.

आणि उतारा किती मोठा आहे याचाही हिशोब करा. साध्या आकाराच्या मराठी पुस्तकाच्या पानात ३० ओळी धरल्या, एका ओळीला पेन फिरवायला चार आणि पुढच्या ओळीवर नेऊन टेकवायला दोन सेकंद धरली, तर एका पानाला तीन मिनिटं होतात. फोनच्या कॅमेऱ्याने तेच पान एका क्षणात टिपलं जातं. पेन हे दोन-चार ओळींचं हत्यार आहे. अख्खं प्रकरण उतरवायला ते घेऊ नका.

आता मराठीचं बोलू. देवनागरी ओळ रोमन ओळीपेक्षा उंच असते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. १२ पॉइंटांच्या इंग्रजीला पुरणारी खिडकी १२ पॉइंटांच्या मराठीला पुरेलच असं नाही. घरातली पट्टी घ्या आणि तुमच्या नेहमीच्या पुस्तकात 'र्की'सारख्या अक्षराच्या वरच्या टोकापासून 'कू'च्या खालच्या टोकापर्यंत मिलिमीटर मोजा. पेनाच्या खिडकीची उंची त्याहून निदान दोन मिलिमीटर जास्त हवी, कारण हात ओळीत सरळ राहत नाही.

दुसरा अडथळा म्हणजे 'देवनागरी' म्हणून खपवली जाणारी हिंदी. अक्षरओळख हिंदी मजकुरावर शिकवलेली असेल तर ती मराठीची खास अक्षरं गमावते. 'ळ' चा 'ल' होतो. 'ॲ' फुटून 'अ' उरतो. आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे 'ऱ्य', 'ऱ्ह' यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा र. त्याचा रफार झाला की 'दऱ्या' चा 'दर्या' होतो आणि 'आचाऱ्यांना' दिलेलं आमंत्रण 'आचार्यांना' जातं. हे शब्द चुकीचे दिसतही नाहीत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणीतूनही सुटतात. म्हणून पेन हातात आल्यावर पहिल्याच दिवशी हे वाक्य साध्या काळ्या शाईत १२ पॉइंटांत छापून त्यावर पेन फिरवा: 'कऱ्हाडच्या वाऱ्याने पिवळी पानं गळाली, उद्ध्वस्त पुलापाशी ॲम्ब्युलन्स थांबली आणि दुःखी आचाऱ्यांनी ऑक्टोबरातच भट्ट्या विझवल्या.' पाच वेळा फिरवा. दर वेळी वेगळ्या चुका आल्या तर हात स्थिर नाही. दर वेळी तीच चूक आली तर ओळखच कच्ची आहे आणि सरावाने ती सुधारणार नाही. परत पाठवायचं की ठेवायचं हे या एका कसोटीवर ठरवता येतं.

मग खऱ्या कागदावर या. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, मागच्या बाजूची छपाई पुढे दिसते, खाली काळा जाड कागद सरकवला की वाचन सुधारतं. शालेय पाठ्यपुस्तकांत रंगीत चौकटींवरचा मजकूर असतो. फिकट पिवळ्यावर काळं ठीक वाचलं जातं, गडद निळ्यावर पांढरं बहुधा नाही. चकचकीत कागदावर पेनाचाच दिवा परावर्तित होतो. पेन किंचित कलतं करून पाहा, पण प्लास्टिकचं आवरण घातलेल्या पानावर हा उपायही चालत नाही. खिळ्यांवर, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापलेली जुनी पुस्तकं सर्वांत अवघड. शिरोरेषा जागोजागी तुटलेली, 'ख' चा 'रव' दिसतो, 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ', 'थ' आणि 'य' एकमेकांत मिसळतात. असं पुस्तक वाचायला पेन घेत असाल तर घेऊ नका. इंग्रजीतही धोके आहेतच: 'आर' आणि 'एन' शेजारी आले की 'एम', आणि लहान 'एल' च्या जागी एकचा आकडा. औषधाच्या कागदावरच्या मात्रा म्हणूनच पेनाच्या भरवशावर घेऊ नयेत, डोळ्यांनी पुन्हा पाहाव्यात.

पेन फिरवण्याची रीत शिकायला दहा मिनिटं लागतात, पण ती कोणी सांगत नाही. पुस्तक टेबलावर सपाट ठेवा. शिवणीजवळ पान उचललं जातं तिथे बसक्या बाजूच्या खाली पातळ वही सारा. पेन लिहिण्यासारखं तिरपं न धरता जवळजवळ उभं धरा. मनगट वळवलंत तर टोक कमानीत फिरतं, म्हणून मनगट न हलवता कोपरापासून हात सरकवा. पहिल्या अक्षराच्या थोडं आधी टेकवा, दिवा लागल्यावर सरकायला सुरुवात करा, शेवटच्या अक्षराच्या पुढे नेऊन मगच उचला. सुरुवातीला ओळीखाली पारदर्शक पट्टी ठेवून पेनाची कड तिला घासत न्या. डावखुऱ्यांसाठी बहुतेक पेनांत वेगळी सेटिंग असते. ती चालू न करता उजवीकडून डावीकडे फिरवलं तर मजकूर बिघडू शकतो.

चूक बघून हात कुठे घसरला ते ओळखता येतं. 'मोर' चा 'मार', 'कर्म' चा 'कम' झाला, म्हणजे वरच्या मात्रा-रफार खिडकीबाहेर राहिले, पेन खाली घसरलं. 'कुल' चा 'कल' झाला तर पेन वर चढलं. ओळीचा पहिला भाग नीट आणि शेवटचा बिघडलेला असेल तर हात तिरका जातोय. पहिलंच अक्षर गळत असेल तर दिवा लागायच्या आत सुरुवात होतेय. आणि प्रत्येक ओळीत त्याच उंचीवर आडवी रेघ किंवा चिन्ह येत असेल तर दोष हाताचा नाही, खिडकीवर धूळ आहे. चष्म्याच्या कोरड्या कापडाने पुसा, स्पिरिट लावू नका.

इंटरनेटवर चालणारं पेन घेतलंत तर जोडणीत दोन ठिकाणी अडकाल. यातली बरीच पेनं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात. घरचा राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर नाव यादीत दिसतच नाही. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटचा बँड २.४ करा, आयफोनवर 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू करा. दुसरं, वसतिगृह, ग्रंथालय किंवा महाविद्यालयाचं वाय-फाय ब्राउझरमध्ये पान उघडून पासवर्ड मागतं. पेनात ब्राउझर नसल्यामुळे ते तिथे जोडलं जात नाही, फोनचा हॉटस्पॉटच लागतो. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल यांनी याहून गंभीर गोष्ट ध्यानात घ्यावी: ऑनलाइन पेनावर फिरवलेली प्रत्येक ओळ कंपनीच्या सर्व्हरवर जाते. अशिलाची किंवा रुग्णाची कागदपत्रं त्यावर फिरवू नयेत. शिवाय कंपनीने सर्व्हर बंद केला तर पेन चांगलं असूनही निरुपयोगी होतं.

मग फक्त मराठी वाचण्यासाठी काय? आजच्या घडीला, केवळ मराठीसाठी, फोन पुढे आहे. गूगल लेन्स मराठी छपाई ओळखते, मजकूर कॉपी करू देते आणि वाचूनही दाखवते, पैसे लागत नाहीत. मोठा उतारा असेल तर पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून 'गूगल डॉक्स'मध्ये उघडला की मजकूर मिळतो, आणि तो संगणकावर एज ब्राउझरमध्ये मराठी आवाजात ऐकता येतो. पेन घ्यावं ते फोन जिथे चालत नाही तिथे: शाळेत, परीक्षेत, किंवा फोन हातात आला की अभ्यास संपतो अशा मुलाच्या हातात. आणि तेही मराठी छपाई पेनातच, इंटरनेटशिवाय ओळखली जाते याची खात्री करून. ही खात्री माहितीपत्रकावरून होत नाही. विक्रेत्याला वाय-फाय बंद करून मराठी ओळ वाचतानाचा व्हिडिओ मागा. दाखवायला कां-कूं केली तर उत्तर मिळालंच.

खरेदी करताना परत करण्याची मुदत सर्वांत आधी बघा, आणि 'फक्त बदलून मिळेल' आणि 'पैसे परत' यातला फरक वाचून घ्या. ओळख कच्ची असलेलं पेन बदलून दुसरं आलं तरी तेच करणार. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक पाहा, तो 'आर' अक्षराने सुरू होतो. भारतात दुरुस्ती कुठे होते ते विचारा. बॅटरी बहुतेक पेनांत बदलता येत नाही, म्हणून महिनोन्महिने पूर्ण रिकामी ठेवू नका. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क किमतीत धरा, आणि वॉरंटीत पेन परत पाठवण्याचा खर्च तुमच्यावर पडतो का ते आधीच लेखी घ्या. मुदत सुरू होते ती वस्तू हातात आल्यापासून, तेव्हा सणाची भेट म्हणून आधीच मागवलं असेल तरी खोकं लगेच उघडा आणि वर दिलेलं वाक्य त्याच दिवशी पाच वेळा फिरवा.